चितळी वेल आणि निलम्माचा हात

आळंदच्या पेठेत निलम्माच्या हाताची बदनामी एका लोणच्यापासून सुरू झाली. मोठ्या जावेच्या, म्हणजे नागव्वाच्या, बरणीत तिनं एकदा मीठ टाकलं आणि त्या लोणच्याला बुरशी आली. आंबे पावसात भिजलेले होते, बरणी धड वाळलेली नव्हती आणि तोंडाला बांधलेलं फडकं मांजरानं पळवलं होतं. पण आंब्याचं नाव झालं न्हाई, मांजराचं झालं न्हाई. नाव झालं ते निलम्माच्या हाताचं.

तेव्हापासून ती कुठंही पापडाच्या पिठाला किंवा तुळशीच्या रोपाला हात लावायला गेली की बाया लगेच गोड व्हायच्या. बस गं निलम्मा, दमली असशील, म्हणायच्या आणि तिला पाटावर बसवायच्या. आळंदात तिच्याएवढी विश्रांती मिळालेली बाई दुसरी नव्हती.

हे सगळं तिनं गिळलं. पण लेकीचं, लिंगम्माचं, लग्न संतपूरच्या ईरण्णा सावकाराच्या पोराशी ठरलं आणि पाणी गळ्याशी आलं. लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची आणि जात्याला पहिला हात नवरीच्या आईनं लावायचा, असं आमच्याकडं चालत आलेलं. त्या हाताचा गुण पोरीच्या संसाराला लागतो म्हणतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नागव्वानं चार बायांत सांगून टाकलं की लिंगम्माच्या हळदीला पहिला हात आपला राहील. राग म्हणून न्हाई, पोरीचं बरं व्हावं म्हणून. लोणच्याचं बघितलंय ना सगळ्यांनी.

हे बोलणं चाललं होतं समोरच्या श्रीपतराव वकिलांच्या ओसरीवर. वकिलीणबाई राजूबाईनं तिथं खिडकीपाशी शिंकाळ्यात एक कुंडी टांगली होती आणि तिच्यातून एक वेल खाली लोंबत होती. पान खायच्या पानासारखं बदामी, हिरवंगार, आणि त्याच्यावर ताक शिंपडल्यासारखे पिवळसर पांढरे शिंतोडे. राजूबाईनं ती हैद्राबादेहून कुठल्याशा नवाबाच्या देवडीतून, म्हणजे वाड्यातून, आणली होती. पेठेतल्या बाया तिला चितळी वेल म्हणायच्या. प्रत्येकीनं तिची काडी नेऊन बघितली होती आणि एकीचीही जगली नव्हती. नागव्वाची सुद्धा न्हाई. पण नागव्वाच्या हातून वेल मेली तेव्हा दोष वेलीचा निघाला होता.

निलम्मा त्या वेलीकडं बघत उठली. आवाज चढवला न्हाई. "अक्का, ही वेल माझ्या ओसरीत जगली, तर जात्याला पहिला हात माझा. न्हाई जगली तर मी जात्याजवळ सुद्धा येणार न्हाई."

नागव्वा हसली. "लाव की. लग्न वैशाखात हाय. तवर एक चितळं पान दाखव मला, म्हंजे झालं."

राजूबाईनं त्याच दिवशी मोठ्या मनानं एक काडी कापून दिली. निलम्मानं तिचं जे केलं ते माहेरपणाला आलेल्या लेकीचं कुणी करत न्हाई. शेणखत घातलं, वर राख घातली, अशक्त वाटली म्हणून गुळाचं पाणी पाजलं. मुंग्या आल्या, त्यांच्यासाठी हळद टाकली. आणि रोज सकाळी काडी उपटून मुळं फुटली का ते बघितलं, परत खोचली. शेजारीण आली की तिलाही उपटून दाखवली. काडी कुजली. दुसरी मागून आणली. ती कुजायला नको म्हणून उन्हात ठेवली आणि पाणी तोडलं. ती वाळली, पण तीही रोजच्या रोज उपटून.

तिसऱ्यांदा निलम्मा दारात दिसली तेव्हा राजूबाईनं तिला आत घेऊन हळूच खरी गोष्ट सांगितली. ही वेल मागून घेतलेली जगत न्हाई. चोरावी लागते. तिनं स्वतः नवाबाच्या देवडीत बेगमेची पाठ वळल्यावर चोळीत लपवली होती, म्हणून तर हे सगळं वैभव.

आता आली का पंचाईत. निलम्माच्या गळ्यात इष्टलिंग. तिच्या माहेरी अन् सासरी चोरी करू नये हा शिकवणीतला पहिला धडा. पोर बोलायला लागायच्या आधी ऐकतं तो. तिनं मठातल्या अय्यांना गाठून विचारलं की काडीची चोरी ही चोरी धरतात का. अय्या जेवून बसले होते. त्यांनी पुष्कळ विचार केला, मधी थोडा डोळाही लागला, आणि मग सांगितलं की चोरी ती चोरीच, काडीची असो न्हाईतर हत्तीची. मात्र मालकाला ठाऊक असून मालक गप्प बसला, तर पाप धरता येणार न्हाई.

निलम्मा तडक राजूबाईकडं गेली. राजूबाईला हा बेत भारी आवडला. ती चूल सोडून ओसरीवर आली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि मोठ्यानं बोलायला लागली की आज मला इकडचं काहीच दिसत न्हाई, कुणी आलं गेलं तर मला काही ठाऊक न्हाई. निलम्मानं स्टुलावर चढून काडीला हात घातला, तेवढ्यात कोर्टात जाताना घरी विसरलेला चष्मा घ्यायला श्रीपतराव दारात उभे. आपली बायको भिंतीशी बोलायली आणि समोरच्या सेठची बायको स्टुलावर चढून वेल तोडायली, हे बघून दुसरा माणूस घाबरला असता. श्रीपतरावांनी आधी कायदा आठवला.

सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले की ह्यात जुर्म बनतच न्हाई. मालकाची रजामंदी असली की चोरी होत न्हाई, मग मालक भिंतीकडं बघो न्हाईतर आभाळाकडं. निलम्मा निर्दोष हाय, तिनं खुशाल घरी जावं.

निर्दोष सुटल्यावर एवढी खट्टू झालेली बाई श्रीपतरावांनी उभ्या वकिलीत बघितली नव्हती. चोरीच झाली न्हाई म्हटल्यावर ती काडी घेऊन करायचं काय. निलम्मानं ती राजूबाईच्या हातात परत ठेवली आणि घरी आली. पण घरी येईतो तिनं ठरवलं होतं की आपल्याला चोरी करता येत न्हाई, तर ज्याला येते त्याला लावायचं.

तिचा नवरा बंडेप्पा तुरीचा अडत्या. लिंग त्याच्याही गळ्यात होतं, पण तराजू धरताना त्याचा अंगठा थोडा जड व्हायचा, त्यामुळं ह्या बाबतीत त्याचं मत बायकोपेक्षा मवाळ होतं. तो आधी न्हाई न्हाई म्हणाला. निलम्मानं त्याला फक्त एवढंच विचारलं की लेकीच्या हळदीला आई पडवीत बसलेली तुम्हाला बघवेल का. बंडेप्पा उठला. टोपी घातली आणि वकिलांकडं सल्ल्याला जातो म्हणून निघाला.

सल्ला काय घेतला ते श्रीपतरावांनाही शेवटपर्यंत कळलं न्हाई. बंडेप्पा उठता उठता खिडकीपाशी थबकला, वेलीचा एक तुकडा चिमटला, एक पान आणि त्याच्या बुडाशी गाठीचा बोटभर दांडा, आणि कुठं लपवायचं ते न सुचून पान-सुपारीच्या चंचीत कोंबला. पानात पान, कुणाला दिसतंय. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो गल्लीत उतरला, तर समोरून सर्विस मोटारीतून उतरलेले व्याही ईरण्णा सावकार धूळ झटकत येताना दिसले.

ईरण्णा बोलण्याला जबर माणूस. औराद तालुक्यात कुणी बैल घ्यायचा झाला तर सौद्याला ईरण्णाला बरोबर नेत, कारण समोरचा माणूस कंटाळून भाव कमी करायचा. ते आले होते लग्न संतपुरात लावायचं हे पक्कं करायला. लग्न संतपुरात म्हणजे हळदही तिकडची, जातंही तिकडचं, आणि पहिला हात त्यांच्या घरच्या कुणाचा तरी. निलम्माची पैज जागच्या जागी बुडाली असती.

ईरण्णा ओसरीवर पाण्याच्या रांजणाला टेकून बसले. नेमकी राजूबाई दुधाला विरजण मागायला आलेली, तीही निलम्माजवळ उंबऱ्यात टेकली. ईरण्णांनी बोलणं सुरू करायच्या आधी हात पुढं केला आणि बंडेप्पानं सवयीनं चंची दिली. आणि मग त्याला आठवलं.

ईरण्णांनी चंची उघडली. वरच चितळं पान. ते उलटं सुलटं करून त्यांनी कौतुकानं बघितलं. असलं पान संतपुरात कुठलं यायला. हैद्राबादचं असणार, बड्या लोकांचं. बुडाशी देठ जरा दांडगा वाटला तो त्यांनी नखानं खुडून मागं रांजणाकडं फेकला, पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, घडी घातली आणि तोंडात टाकलं.

बंडेप्पा बघत राहिला. बोलावं तर चोरी उघडी, आणि ती मालकिणीच्या समोर. न बोलावं तर व्याह्याचं काय होईल ते महादेवाला ठाऊक.

ईरण्णांनी चार वेळा चावलं आणि थांबले. डोळे मोठे झाले. जिभेत सुया टोचायला लागल्या, गालाला खाज सुटली, ओठ जड झाला. पण सावकार माणूस. बड्या लोकांचं पान आपल्याला झेपत न्हाई हे व्याह्यासमोर कसं दाखवायचं. त्यांनी नेटानं चावलं आणि गिळलं सुद्धा. त्यानंतर मात्र जीभ अशी सुजली की शब्द बाहेर पडेना.

बंडेप्पा अडत्या होता. गिऱ्हाईक गप्प झालं की सौदा आवरायचा हे त्याच्या रक्तात. त्यानं हात जोडून विचारलं की लग्न इथं आळंदातच लावावं म्हणतो, व्याह्यांची काही हरकत. ईरण्णांनी जोरजोरात मान हलवली. ती हरकतीसाठी हलली का खाजेसाठी, हे आजवर कुणी सांगू शकलं न्हाई. बंडेप्पा म्हणाला, मोठं मन तुमचं. ईरण्णांनी दोन्ही हात हवेत उडवले. बंडेप्पा म्हणाला, मांडवाचं तर तुम्ही आमच्यावरच सोडलंत, लई उपकार झाले.

निलम्मानं ताक दिलं, मग तूप दिलं, मग गुळाचा खडा. सावकार सकाळपर्यंत बरे झाले. पण चार माणसांसमोर हलवलेली मान परत घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "पान झकास होतं. जरा कडक."

ते गेल्यावर बंडेप्पानं बायकोला सगळं सांगितलं. लग्न आळंदात आलं ह्याचा आनंद निलम्माला झाला, पण कसाबसा. जातं घरात आलं होतं आणि वेल व्याह्याच्या पोटात गेली होती. दुसऱ्यांदा चोरायला बंडेप्पा कबूल होईना. आता आपल्याला वकिलांच्या ओसरीवर पाय ठेवला तरी घाम फुटतो, म्हणाला.

त्यात तुरीची सुगी आली. पोत्यांची थप्पी ओसरीवर आढ्यापर्यंत चढली, खिडकी बुजली, रांजणाचा कोपरा दिवसाढवळ्या काळोखा झाला. सुगीच्या धांदलीत तिकडं कुणी केरसुणी फिरवली न्हाई. एक दिवस निलम्मा झाडायला वाकली आणि तिची केरसुणी मधेच थांबली. रांजण पाझरून शहाबादी फरशीच्या फटीत ओल धरली होती. त्या फटीत तो खुडून फेकलेला दांडा पडला होता. त्याच्या गाठीला पांढरं मूळ फुटून मातीत घुसलं होतं आणि वर हिरवा कोंब होता.

निलम्मा खाली बसली. शेणखत न्हाई, गूळ न्हाई, राख न्हाई. आणि कुणी एकदाही उपटून बघितलं न्हाई. आपण दोन काड्यांची किती सेवा केली ते तिला एकेक आठवायला लागलं, आणि तिचा हात आपोआप पुढं झाला, मूळ किती लांब गेलंय ते बघायला. तिनं दुसऱ्या हातानं तो धरून मागं ओढला.

त्या दिवसापासून निलम्मानं काहीही न करायचं ठरवलं. आजवर इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं. कोंबाजवळून जाताना ती हात पदरात बांधून जायची. लेकीला सांगून ठेवलं होतं, मी वाकले की माझ्या हातावर मार. लिंगम्मानं दोनदा मारलंही. लग्न ठरलेल्या पोरीला आईला मारायची परवानगी मिळते कुठं, तिनं संधी सोडली न्हाई.

कोंबाला पान आलं. पूर्ण हिरवं. शिंतोडा नावाला न्हाई. नागव्वा मुद्दाम बघायला आली आणि समाधानानं म्हणाली की हे गवत हाय, न्हाईतर पानमळ्यातून आलेलं काही, पण चितळी वेल न्हाई.

निलम्मा वकिलांच्या ओसरीवर जाऊन राजूबाईच्या वेलीसमोर बसली. नीट बघितलं. खिडकीकडच्या फांद्यांना शिंतोडेच शिंतोडे होते, आणि खांबाआड लोंबणाऱ्या फांदीची पानं कोरी हिरवी. वेलीला उजेड पाहिजे. ती घरी आली. बंडेप्पा म्हणाला, मग काय, कोंब उचल आणि खिडकीत लाव.

"वेल हलायची न्हाई," निलम्मा म्हणाली. "तुमची तूर हलवा."

बंडेप्पानं तिला समजावून सांगितलं. पोती आढ्यापर्यंत हायेत, हमाल सुगीत मिळत न्हाईत, आणि एवढी तूर ठेवायची कुठं. निलम्मा ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता वरचं पोतं खाली ओढत होती. ते तिच्या अंगावर येतंय म्हटल्यावर बंडेप्पाला खांदा द्यावाच लागला. संध्याकाळपर्यंत अख्खी थप्पी आत गेली. माजघरात तूर, कोठीत तूर, पाळण्याच्या जागी तूर. लग्नाला आधीच येऊन राहिलेली बंडेप्पाची आत्या पोत्यांवर चढून झोपायला लागली आणि उतरवायला रोज माणूस लागायचा. घरभर तुरीतले टोके किडे उडायला लागले. अय्या आशीर्वाद द्यायला आले तर त्यांच्या भस्मावर दोन किडे बसले. पण खिडकी मोकळी झाली आणि कोपऱ्यात उजेड आला.

कोंबाला दुसरं पान निघालं. विडीसारखी घट्ट सुरळी, आत काय हाय ते बाहेरून कळेना. हळदीचा दिवस उजाडला तरी सुरळी सुरळीच.

जातं ओसरीवर मांडलं. पेठेतल्या बाया जमल्या, हळकुंडं सुपात आली, अय्या मुहूर्ताला येऊन बसले. आणि सगळ्यांची तोंडं जात्याकडं न होता रांजणाकडं. नागव्वा जात्याजवळचा पाट अडवून बसली होती. ती म्हणाली की एका पानासाठी मुहूर्त टळायला नको. एक बाई म्हणाली, बोटानं जरा उलगडून बघ की गं. राजूबाईलाही राहवेना, तीही म्हणाली, हलकेच, नखानं. निलम्माची बोटं वळवळत होती ते सगळ्यांना दिसत होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

अय्यांनी पंचांग मागून घेतलं, आणि मुहूर्त वाटला होता त्यापेक्षा जरा लांब हाय असं त्यांना आढळलं.

ऊन खिडकीतून फरशीवर सरकत कोपऱ्यात आलं. सुरळीची एक कड सुटली. मग थोडी अजून. बाया पुढं सरकल्या. नागव्वाला धीर धरवेना. ती पाटावरून उठून रांजणाशी वाकली आणि तिनं बोट पुढं केलं.

"अक्का," निलम्मा म्हणाली. "हात न्हाई."

नागव्वाचं बोट तिथंच राहिलं. पान आणखी थोडं सुटलं आणि त्याच्या मधोमध एक पिवळसर पांढरा शिंतोडा दिसला.

"थेंबभर हाय," नागव्वा म्हणाली.

"थेंबभर बास हाय."

नागव्वा सहजी सोडणारी नव्हती. तिला सगळी हकीकत ठाऊक होती. बंडेप्पानं भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितली होती आणि भावाच्या पोटात काही राहत न्हाई. "चोरली बंडेप्पानं, फेकली व्याह्यानं, पाणी रांजणाचं. ह्याच्यात तुझा हात कुठं आला गं?"

निलम्मानं मांडीखालून हात काढले. दोन्ही बधिर झाले होते.

"मी माझा हात आवरला, अक्का. तुम्हाला आत्ता आवरला का?"

नागव्वानं आपल्या पुढं झालेल्या बोटाकडं बघितलं. राजूबाई पदराआड हसली आणि म्हणाली की व्याह्यांच्या हातात माझं पान मी त्याच दिवशी वळखलं होतं. पण मालकिणीला चोरी कळली असं दिसलं असतं तर वेल जगली नसती, तेवढ्यासाठी तोंड दाबून बसले. व्याह्यांच्या तोंडाचं वाईट वाटलं, पण एका वेळी किती जणांचं बघायचं.

नागव्वा परत पाटावर बसायला गेली न्हाई. निलम्मा बसली. खुंटा धरायला बोटं वळेनात, लिंगम्मानं ती चोळून दिली. मग जातं फिरलं. दुसऱ्या बायांनी हात लावायला पुढं यावं अशी रीत हाय, पण निलम्मा कुणाला जागाच देईना. घाम कपाळावरून हळदीत पडायला लागला तरी ती दळतच होती. शेवटी अय्या म्हणाले, बास कर आई, एवढ्या हळदीत अख्खं संतपूर पिवळं होईल.

लग्न थाटात लागलं. जेवणं झाल्यावर ईरण्णा सावकार पन्नास वऱ्हाडी घेऊन ओसरीवर आले. संतपुरात त्यांनी आळंदच्या कडक पानाची इतकी तारीफ केली होती की प्रत्येकाला ते खायचं होतं. बंडेप्पाला काय सांगावं कळेना. तेवढ्यात ईरण्णांची नजर रांजणाच्या कोपऱ्यात गेली, तोंड खुललं आणि ते वाकून पान खुडायला निघाले.

त्यांच्या हातावर फाडकन कुणीतरी मारलं. नागव्वा होती. डोक्यावरचा पदर सुद्धा सरकला होता.

"त्याला बोट लावायचं न्हाई, सावकार. माझ्या जावेच्या हातची वेल हाय ती."

आत माजघरात तुरीच्या पोत्यावर बसून निलम्मा लेकीची पेटी भरत होती. तिला ते ऐकू आलं. ती उठून बाहेर गेली न्हाई. घडी घातलेलं लुगडं तिनं उलगडलं आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, घडी घालायला घेतली.